पुंगळीवरचं कुंकू

नोकरीत किती गुन्हे हाताखालून गेले ते आता नीट सांगता येत नाही. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळानं माझ्या टेबलावर ठेवलेली काडतुसाची पितळी रिकामी पुंगळी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन घरी आलो. सजवून लिहिणं मला जमत नाही. कुणाचं नावही लिहिणार नाही, कारण ती माणसं हयात आहेत.

शेवटची वर्षं मी जत तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. सकाळची हजेरी संपली होती. मेंढपाळ आत आला, धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि पुंगळी टेबलावर उभी केली. अंगठ्याहून जाड, मानेला बाटलीसारखी निमुळती.

"सायेब, ह्ये आमच्या कुत्र्यानं तोंडात आणलं. काल माळावर बार झाला."

"कसला बार?"

"बंदुकीचा. पर असला म्या कवा ऐकला न्हाई. एकच झाला. आन् धूर म्हशीएवढा, पांढराफेक. मेंढरं पार वढ्यापतोर पळाली. एक गाभण मेंढी अजून घावली न्हाई."

"कुणी काढला?"

"बाई हुती."

आमचा हवालदार हसला. "बाई? सकाळीच टाकून आलायस का रं?"

"टाकायला तुमाला येळ हाय, आमाला मेंढरं हाईत," तो शांतपणे म्हणाला. "हिरव्या लुगड्यातली बाई. खांद्यावर पदराची घडी घालून उभी हुती. धूर झाला आन् मग काय दिसलं न्हाई."

"दुसरं कोण होतं?"

"दिसलं न्हाई. कुत्रं तेवढं बांधाकडं भुकत हुतं."

स्टेशन डायरीला नोंद घेतली. एकदा डायरीत आलं की ते कुणाच्या सांगण्यावरून पुसता येत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. दोन पंच घेतले आणि माळावर गेलो. कुसळाचं गवत, दगड, लांबवर एक बाभळ. बांधाच्या मागं गवत दबलेलं होतं, कुणीतरी बसल्यासारखं. शेजारी तंबाखूची पिंक आणि मातीत चार लहान गोल भोकं. सगळं पंचनाम्यात लिहिलं.

"साहेब, भोकं कशाला लिहिताय? उंदराची असतील," हवालदार म्हणाला.

"असू देत. दिसली म्हणून लिहिली."

माझं अक्षर वाईट आहे आणि काना-मात्राही चुकतात. पण दिसलं ते गाळायचं नाही, एवढी एक सवय मला होती.

सांगलीला मुख्यालयात शस्त्रं दुरुस्त करणारा एक जुना हवालदार होता. त्यानं पुंगळी हातात घेतली आणि त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले.

"ही कुठं मिळाली? ही मार्टिनीची. गोऱ्यांच्या फौजेची जुनी रायफल. पुढं संस्थानांच्या शिपायांकडं आली. एका वेळी एकच गोळी. खालचा दांडा ओढायचा, काडतूस आत ठेवायचं, दांडा मिटायचा आणि मारायची. मॅगझिन नाही, काही नाही. काळी दारू असते, म्हणून एवढा धूर."

"काडतुसं मिळतात?"

"बाजारात नाही. हीच पुंगळी परत परत भरायची. ही तर लय वेळा भरलेली दिसतीय. आन् एक सांगतो. काळ्या दारूच्या जागी कुणी आजची दारू घातली तर ती रायफल मारणाऱ्याच्या तोंडावर फुटंल. अडाण्याच्या हातात गेली असंल तर लवकर शोधा."

असल्या रायफली जमवणारा आणि रेंजवर जाऊन त्या चालवणारा या दोन जिल्ह्यांत एकच माणूस त्याला ठाऊक होता. सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावचे निवृत्त सुभेदार. परवाना शाखेतून कागद काढला. परवान्यावर तीन रायफली होत्या, त्यातल्या दोन मार्टिनी. मध्यंतरी कायदा बदलला होता आणि तीनच्या जागी दोनच ठेवता येत होत्या. एक जमा करा म्हणून त्यांना नोटीस गेली होती. मला वाटलं, इथंच मेख आहे. जमा करायला नको म्हणून म्हाताऱ्यानं एक दडवली किंवा कुणाला दिली.

सुभेदारांचं घर स्वच्छ होतं. गावात प्रत्येक दाराला झेंडूचं वाळलेलं तोरण होतं, त्यांच्या दाराला नव्हतं. आत बायकोच्या फोटोला हार होता, खाली त्याच वर्षीची तारीख. मी दोन्ही पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यांनी दोन रायफली बाहेर काढल्या, जाजमावर ठेवल्या. एकीचं मागचं झाकण पेटीसारखं बाजूला उघडत होतं. दुसरी मार्टिनी. त्यांनी तिचा दांडा खाली ओढला तेव्हा जुन्या चांगल्या कुलपासारखा आवाज आला.

"एकच गोळी, फौजदार," ते म्हणाले. "चुकली तर चुकली. म्हणून हिच्यामागं उभा राहिलेला माणूस आधी इच्यार करतो. आताची पोरं दाबत्यात आन् मग बघत्यात कुठं लागलं ते."

"तिसरी?"

"हरवली."

"कधी?"

"ध्यानात न्हाई."

"सुभेदार, पंचवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची रायफल हरवते आणि दिवस ध्यानात नाही?"

"म्हातारा झालोय."

मी पुंगळी पुढं ठेवली. त्यांनी ती उचलली, वास घेतला आणि अलगद खाली ठेवली. तिथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला घाई झाली.

"जतच्या माळावर एका बाईनं बार काढलाय. साक्षीदार आहे."

त्यांचा चेहरा दार लावावं तसा मिटला. त्यानंतर मी दोन तास बसलो. परवाना रद्द होईल म्हणालो, उरलेल्या दोन्ही जप्त होऊन वितळवायला जातील म्हणालो. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "हरवली." चौकशीत आपल्याला ठाऊक असलेलं सगळं आधी सांगून टाकायचं नसतं. समोरचा मग तेवढीच फट बुजवून बसतो.

मुद्देमाल खिशात घालून घरी न्यायचा नसतो. पाकिटात गुंडाळलेली पुंगळी त्या दिवशी माझ्याकडून शर्टाच्या खिशात राहिली. बायको धुण्याआधी खिसे तपासायची. ती पुंगळी घेऊन ओट्यावर आली.

"आवं, ह्ये कुणाच्या देवघरातलं?"

"आण इकडं. गुन्ह्यातलं आहे ते."

"ह्याच्यावर कुंकू हाय."

"गंज असेल. नाहीतर माळावरची तांबडी माती."

"गंज मला सांगताय? लग्न झाल्यापासनं तुमचा पट्टा आन् बक्कल मी घासतीय. मानंच्या खाचेत बघा. खाली हळद, वर कुंकू. बोटानं लावलंय. ही खंडेनवमीच्या पूजेत ठेवलेली."

मी चष्मा लावून पाहिलं. होतं. मग मी तिला सुभेदारांचं सगळं सांगितलं. एरवी ठाण्यातलं घरी बोलायचो नाही.

"त्यांच्या दाराला तोरण हुतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं. बायको वारलीय. वर्ष व्हायचंय अजून."

"मग त्या घरात पूजा कशी हुईल? सण न्हाई त्यांना. भावकीत कुणालाच न्हाई." ती बादली उचलून निघाली आणि वळून म्हणाली, "लेक हाय का त्यांना? लेकीच्या सासरी सण चालतो."

सुभेदारांना एकच लेक होती. दिली होती जत तालुक्यात, त्या माळापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्याच शाळेत शिक्षिका. मी साध्या कपड्यांत गेलो, शाळा सुटेपर्यंत थांबलो आणि रिकाम्या वर्गात तिच्याशी बोललो. मी पुंगळी दाखवली. तिनं एक क्षणही घेतला नाही.

"मीच वाजवली. आप्पांना यात घेऊ नका."

"कशासाठी?"

"ती पणजोबांची रायफल. आई दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी गावच्या शिवेवर आप्पा एक बार काढायचे. एकच. या वर्षी घरात पूजा होणार नव्हती, आणि नंतर ती सरकारात जमा व्हायची. तिची शेवटची खंडेनवमी कोरडी जाऊ नये म्हणून पूजा माझ्याकडं केली. मुलगा नाही म्हणून आप्पांनी मला शिकवलं असं लोक म्हणतात. तसं नाही साहेब. मला आवडायचं."

"बार काढताना आप्पा कुठं होते?"

ती फळ्याकडं बघत म्हणाली, "घरी. साताऱ्याला. रायफल मीच आणली, मीच परत पोचवली."

मी तिला कायदा सरळ सांगितला. परवानेवाल्याच्या माघारी तिनं शस्त्र नेलं आणि चालवलं असेल तर ते विनापरवाना शस्त्र होतं. त्याला तुरुंग आहे, आणि मग ही शाळा संपली. परवानेवाला शेजारी बसलेला असेल तर परवान्याची अट त्यानं मोडली. दोष त्याचा, आणि तो हलका.

"आप्पा नव्हते," ती म्हणाली. आवाज मात्र खाली गेला होता.

मी पंचनाम्याची प्रत काढली आणि माझंच वेडंवाकडं अक्षर वाचून दाखवलं. बांधामागं बसल्याची खूण. तंबाखूची पिंक. मातीत चार गोल भोकं.

"तुमचे आप्पा काठी घेतात?"

ती मुलांच्या बाकावर बसली.

"घेतात," ती शेवटी म्हणाली. "खाली लोखंडी टोक आहे. बसले की मातीत टोचत राहायची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सुभेदारांसमोर बसलो. या वेळी धमकी दिली नाही.

"सुभेदार, तुमच्या लेकीला तुम्हीच आत घालताय. रायफल हरवली म्हणालात तर ती चोरीची झाली. तुम्ही माळावर नव्हता म्हणालात तर ती एकटी गुन्हेगार झाली. तुम्ही होता, असं म्हणालात तरच ती सुटते."

ते उठले. आतल्या खोलीतल्या ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि घोंगड्यात गुंडाळलेली रायफल बाहेर काढली.

"पुंगळी गवतात घावली न्हाई तवाच मला कळलं हुतं," ते म्हणाले. "मी कवा पुंगळी मागं सोडत न्हाई. त्या दिवशी वाकता येईना आन् तिला दिसंना."

"मग हरवली का म्हणालात?"

"रायफलच न्हाई तर पुंगळीवरची खूण तुमी जुळवणार कशाशी? माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीची शाळा ऱ्हाईल, असं वाटलं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं मान केली. "आन् भावकीत काय सांगू? हिचं वर्ष झालं न्हाई आन् म्हातारा लेकीकडं दसरा करून आला?"

"बार तुम्ही का नाही काढलात?"

"वर्षाच्या आत सणाला हात कसा लावू? तिला म्हणलं, तू वाजव. मी बांधामागं बसतो, नुस्तं ऐकतो."

पुंगळीवरच्या खुणा त्या रायफलीशी जुळल्या. मेंढपाळाचा पुरवणी जबाब घेतला, त्यात कुत्रं कुठं भुकत होतं ते नीट आलं. वरिष्ठांनी कागद वाचले आणि विचारलं, "हे कुंकवाचं आणि भोकांचं पुराण कशाला?" मी म्हणालो, "साहेब, होतं म्हणून लिहिलं." कोर्टात त्याच भोकांवर सगळं उभं राहिलं. लेक साक्षीदार झाली आणि तिची शाळा टिकली. सुभेदारांना दंड झाला, दोन रायफली त्यांच्याकडं राहिल्या, पणजोबांची सरकारात गेली. लाख लावून सील करायच्या आधी त्यांनी विचारलं, "एकदा तेलाचं फडकं फिरवू?" पंचांसमक्ष फिरवू दिलं. तेही मी लिहिलं.

या गुन्ह्यानं मला एक शिकवलं. मी समजत होतो, माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. तसलं खोटं घोटीव असतं, ते फोडायला कसब लागतं. दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटं ओबडधोबड असतं आणि ज्याच्यासाठी बोललं त्याच्याच अंगावर पडतं. तिथं दमदाटीचा उपयोग नाही. त्या माणसाला फक्त दाखवावं लागतं, की तुझं खोटं कुणाच्या अंगावर पडतंय.

आणि दुसरं म्हणजे, तो गुन्हा मी उघडकीला आणला असं सेवापुस्तकात आहे. तो माझ्या बायकोनं आणला.

ती यंदा माघात गेली. आजारपण फार नव्हतं. मी निवृत्त झाल्यावरही ती दर खंडेनवमीला माझा पट्टा काढायची, बक्कल घासायची, पाटावर ठेवायची. यंदा पट्टा खिळ्यालाच राहणार होता. मला लेक नाही. नवमीच्या चार दिवस आधी फोन वाजला.

"फौजदार, सुभेदार बोलतोय. वैनी गेल्याचं उशिरा कळलं."

"व्हय."

"पट्टा हाय का अजून?"

"हाय."

"मग घिऊन या. तुमच्या घरात यंदा न्हाई. आमचं वर्ष कवाच झालं."

पिशवीत पट्टा घालून एसटीनं गेलो. पाटावर दोन रायफली होत्या आणि मधे तिसरीएवढी जागा मोकळी ठेवली होती. सुभेदारांनी पट्टा तिथं ठेवला. लेक आली होती. तिनं हळदीत बोट बुडवलं आणि मला विचारलं, "काका, काकी कुठं लावायच्या? बकलावर की चामड्यावर?"

मला सांगता येईना. दिसेल ते सगळं लिहिणारा मी, घरातलं हे कधी बघितलंच नव्हतं. पट्टा उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा लावला. बक्कल लखलखीत होतं. उलटं करून पाहिलं, तर मागच्या खाचेत जुनं वाळलेलं कुंकू होतं. खाली हळद, वर कुंकू.

"इथं लाव," मी म्हणालो.