शेवटचा बोअर आणि गुरसरायचा रस्ता

इस्माईल मिस्त्रींनी बॉनेट खाली केलं, हात पुसले आणि म्हणाले, “बहनजी, ये आख़री बोर है। इसके बाद काटने को लोहा नहीं बचा।”

त्या वाक्यावर आमची ही सहल ठरली.

गाडी माझ्या वडिलांची. गोल पाठीची, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची. झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर बाबांनी मला हिच्यावरच चालवायला शिकवलं. इंजिन खूप झिजलं की सिलिंडर आतून थोडे कापून मोठे करतात, त्यालाच बोअर करणं म्हणतात, आणि त्यांत नवे पिस्टन, नव्या रिंगा बसवतात. हिचं ते तिसऱ्यांदा झालं होतं. आता रिंगा नीट बसल्या तर गाडी आणखी कैक वर्षं चालेल. नाही बसल्या तर तेल जळत राहील, निळा धूर येईल आणि मग भंगारवाला. पुण्याहून निखिलनं, म्हणजे आमच्या मुलानं, तसं कबूल करून घेतलं होतं. “आई, या वेळी धूर दिसला तर विकायची. रडायचं नाही.” मी हो म्हटलं. फोनवर हो म्हणणं सोपं असतं.

रिंगा बसतात की नाही ते पहिल्या दोनशे किलोमीटरांत कळतं. मिस्त्रींनी सांगितलं, पन्नासच्या वर जायचं नाही, उभ्या गाडीत इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही, जास्त वजन घ्यायचं नाही. झाशीहून गुरसरायला जाऊन येऊन तेवढंच अंतर होतं. शिवाय तिथं माझी मावसबहीण शकू राहते. तीन वर्षांत भेट नव्हती.

शनिवारी सकाळी सातला निघालो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि हे. हे मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. यांनी मागच्या काचेवर पुठ्ठा लावला होता: ‘इंजन नया है, कृपया आगे निकलें’. शेजारी बसताना हातात हिरवं निशाण!

“अहो, हे कशाला?”

“मागच्यांना सिग्नल नको? तू पुढं बघ.”

कानपूरचा रस्ता उत्तम आहे, चारपदरी. सकाळी ट्रक कमी असतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी आठच्या आत शहर सोडावं. मी काटा पस्तिसावर आणला आणि तिथंच ठेवला. पन्नासची परवानगी असली तरी पस्तीस जास्त सुरक्षित, असं माझं गणित. बाबा शेजारी बसून म्हणायचे, “बेबी, पाय हलका.” कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर जिन्यात उभ्या राहून पावलांचा आवाज ऐकायच्या. हळू चालणं माझ्या अंगात मुरलेलं आहे. मी इंजिनाला झोपलेल्या बाळासारखं नेत होते, आणि हे खिडकीतून निशाण हलवून एकेका ट्रकला पुढं सोडत होते. एका ड्रायव्हरनं तर सलामच ठोकला.

चिरगाँवला बसस्टँडसमोर थांबलो. गरम मंगोडे, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, खायचेच असतील तर इथं खा. वीस रुपयांना द्रोणभर, वर हिरवी चटणी. चहा दहा रुपये, आलं भरपूर. गाडीभोवती चारपाच जण जमलेच.

“काए अम्मा, गाड़ी बीमार है का? बैलगाड़ी-सी आ रई ती।”

“नया इंजन है, भैया.”

“नओ है तो धुआँ काए दे रओ?”

मी गाडी चालू करून मागं वळून पाहिलं. धुराच्या नळीतून निळसर धूर आला आणि हवेत तरंगत राहिला. मी गाडी बंद केल्यावर यांनी तेल मोजायची कांडी काढून पाहिली. तेल बोटभर उतरलं होतं. त्यांनी कांडी पुसून परत घातली.

मी मिस्त्रींना फोन लावला.

“कितने पे चला रही हैं?”

“पैंतीस. एकदम एकसार. एक बार भी चालीस नहीं किया!” मला शाबासकीची अपेक्षा होती.

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज ऐकू आला. “बहनजी, आप इंजन चला रही हैं कि लोरी सुना रही हैं? रिंग दबाव से बैठती है, लाड़ से नहीं। तीसरे गियर में पच्चीस से पचास तक खींचिए, दबा के। फिर पैर हटा लीजिए, गाड़ी ख़ुद धीमी होगी। फिर खींचिए। ऐसे बीस-पच्चीस बार। और आज ही, वरना सिलिंडर चिकना हो जाएगा, फिर रिंग कभी नहीं पकड़ेगी।”

म्हणजे मी माझ्या मायेनंच तिला भंगारात पोचवत होते.

तेल भरून पुढं निघालो. तिसरा गियर टाकला, पण पाय दाबला जाईना. तळव्याखाली बाबांचा आवाज होता. हे म्हणाले, “अगं, लाइन क्लियर आहे. सोड गाडी.” आणि मी दाबला. इंजिन असं गरजलं की मी डोळे मिटणारच होते. पंचवीस, तीस, चाळीस, पन्नास! पाय काढला. गाडी गुरगुरत मंदावली. पुन्हा. आम्ही दोघं पुढं मागं डुलत होतो. यांचा चष्मा घसरला, डब्यातले लाडू फुटले. मागून येणाऱ्या बसचा कंडक्टर दारातून ओरडला, “चाची, चलाना सीख रही हो का?” यांनी त्याला हिरवं निशाण दाखवलं.

पूँछजवळ कानपूरचा रस्ता सोडून उजवीकडे एरचला वळलात की रस्ता अरुंद होतो, खड्डेही आहेत, पण गर्दी नसते. दोन्हीकडे हरभरा आणि मटार. मोजत होते ते हे: “सतरा… अठरा… गार्डाकडून सूचना, ड्रायव्हरनं ओठ चावू नयेत.” एरचचा बेतवेवरचा पूल आला तेव्हा बावीस झाले होते. पुलावर थांबू नका, पलीकडे उतरून बघा. नदी खडकांमधून निवांत वाहते, आणि तिला बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझा पाय आता कचरत नाही.

गुरसरायला शकू दारातच. “आलीस गे माये! किती काळवंडलीस! आधी फुलपात्रभर पाणी घे.” तिच्याकडचं मराठी पिढ्यान्पिढ्या इथंच राहिलेलं, आमच्यापेक्षा जुनं. तिच्या नाती मात्र सगळं समजून हिंदीत उत्तर देतात: “मौसी दादी, थालीपीठ के साथ भर्ता लोगी?” घेतलं. गरम थालीपीठ, भाजलेल्या वांग्याचं भरीत. हा जोड गुरसरायशिवाय कुठं मिळेल असं वाटत नाही. शकूनं गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, “हिला नक्की काय झालंय?”

“दात येताहेत,” हे म्हणाले.

रविवारी दुपारी परत निघालो. जाताना ओढत गेले, येताना सहज आले, कधी तीस, कधी पन्नास. चिरगाँवला मुद्दाम थांबलो. कांडीवर तेल जिथल्या तिथं. तरी मी कांडी पुसून पुन्हा एकदा घालून पाहिली.

मिस्त्री गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसले होते. “इंजन बंद मत कीजिए। कोई साफ़ कपड़ा है?”

पर्समध्ये रुमाल होता, पांढरा, इस्त्रीचा. शाळेत तो रोज फ्रॉकला टाचलेला असायचा. तेव्हापासून तशाच रुमालाशिवाय मी घराबाहेर पडत नाही. मिस्त्रींनी तो धुराच्या नळीसमोर ताणून धरला आणि मला म्हणाले, “दबाइए।”

मी दाबला. या वेळी कुणी सांगायची वाट न बघता, चांगला जोरात.

त्यांनी रुमाल उजेडात धरला. मधोमध राखाडी वर्तुळ होतं, कोरडं. तेलाचा एक ठिपका नाही. त्यांनी बोटानं चोळून पाहिलं, नाकाशी नेलं आणि हसले. “बैठ गई।”

यांनी निशाणाची नीट गुंडाळी केली आणि बराच वेळ उगाचच चष्मा पुसत राहिले.

निखिलला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “हे काय आहे? मळका रुमाल?”

शाळेत असा रुमाल दिसला असता तर सिस्टरांनी मला घरी पाठवलं असतं. मी तो न धुता घडी घालून गाडीच्या खणात ठेवला आहे, बाबांच्या जुन्या लायसन्सजवळ.