न झालेला पुकारा

त्या दिवसाचा पंचनामा मी स्वतःच्या हातानं लिहिला होता. इतकी वर्षं झाली, पण त्यातली काही वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत. 'मयताचे अंगावर धुतलेले पांढरे धोतर व सदरा. पायात वहाणा. सदऱ्याचे आतील खिशात एक लिफाफा.' नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. ते सगळं मागं पडलं. आकस्मिक मृत्यूची ही साधी नोंद मात्र मनातून गेली नाही.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्यातल्याच एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण आतले निम्मे कागद अजून जुन्या जिल्ह्यात पडून होते. कुणाची बदली अडली होती, कुणाचा पगार, कुणाचं पेन्शन. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. सकाळची हजेरी झाली की आमचं पहिलं काम टँकरच्या बंदोबस्ताला माणसं पाठवण्याचं असे. दिवसभर ठाण्यात घागरी-कळशांवरून डोकी फुटलेले लोक यायचे. खरं सांगायचं तर बाकीच्या तक्रारी आम्ही त्या दिवसांत अर्ध्या कानानंच ऐकत होतो.

मे महिना होता. दुपारी चारच्या सुमारास कोर्टाचा शिपाई सायकल मारत ठाण्यात आला.

"साहेब, आवारात लिंबाखाली एक म्हातारा पडलाय. हाका मारल्या, उठंना."

मी दोन शिपाई घेऊन गेलो. सत्तरीच्या घरातला माणूस. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी नुसती मान हलवली. उष्माघात.

परत येऊन मी कोर्टाच्या शिपायाचा जबाब घेतला. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणारा हाच.

"कधीपासून होता हा माणूस?"

"मी कुलूप काढायच्या आधीपासून, साहेब. चार-पाच खेपा माझ्याकडं आला. 'माझा पुकारा झाला का?' म्हणून विचारलं. मी बोर्ड बघितला. म्हणलं, बाबा, तुमचं नाव न्हाई. तर म्हणला, 'असंल, असंल. कागद हाय माझ्याजवळ. उशिरा घेत असतील.'"

"पाणी प्यायला होता का?"

शिपायानं खाली बघितलं. "रांजण धाच्या आतच संपला व्हता, साहेब. टँकर आलाच न्हाई. मी म्हणलं, स्टँडवर जाऊन हॉटेलात पाणी पिऊन या. तर म्हणला, 'मी तिकडं गेलो आन् हिकडं नाव घेतलं, तर गैरहजर लागंल.'"

सकाळपासून चार वाजेपर्यंत तो माणूस आपलं नाव ऐकण्यासाठी तिथं उभा होता.

खिशातल्या लिफाफ्यात एक समन्स होतं. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, खाली गोल शिक्का आणि वळणदार अक्षरातली सही. नांदेडच्या एका खासगी फायनान्स कंपनीचं कर्ज थकल्याबद्दल जामीनदारानं अमुक तारखेस सकाळी जातीनिशी हजर राहावं, कसूर केल्यास कर्जदार मुलीस पोलिसांमार्फत अटक करून घरातून नेण्यात येईल, असा मजकूर. तारीख त्याच दिवसाची होती.

मी तो कागद कोर्टातलं समन्स बजावणीचं काम बघणाऱ्या नाझरांना दाखवला. पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर काढलं, नंबर तपासला आणि म्हणाले, "असा दावाच नाही आमच्याकडे. शिक्काही आमचा नाही." एवढं सांगून कागद परत द्यायला हवा होता. पण त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. पोलिसाच्या नोकरीत अशा गोष्टी ध्यानात राहतात.

मयताची ओळख लिफाफ्यावरच्या पत्त्यामुळं पटली. शिरूर अनंतपाळच्या बाजूचं एक खेडं. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेला माणूस, आता पेन्शनवर मुलीजवळ राहत होता. मुलगी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. निरोप मिळाल्यावर ती पांढऱ्या साडीतच आली. प्रेत ताब्यात घेताना तिचा आवाज चढला नाही.

तीन दिवसांनी जबाबासाठी मी तिच्या घरी गेलो. एक खोली, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. कोपऱ्यात तिची धाकटी बहीण गुडघ्यात डोकं घालून बसलेली. ती नांदेडला नर्सिंग शिकत होती. तिच्या शिक्षणासाठीच हे कर्ज काढलं होतं. दागिना नको, जमीन नको, फक्त पगाराचा दाखला आणि जामीनदाराची सही, अशी त्या कंपनीची जाहिरात होती. वर्षभर हप्ते नीट गेले. मग जिल्हा फुटल्याच्या घोळात हिचं सेवापुस्तक जुन्या जिल्ह्यात अडकलं आणि पाच महिने पगार झाला नाही.

"आधी साधी पत्रं आली," ती म्हणाली. "मग उघडी कार्डं यायला लागली. लाल शाईची. 'या बाईकडून सुई टोचून घेऊ नका, ही लोकांचे पैसे बुडविते.' पोस्टमन वाचायचा, शेजारीपाजारी वाचायचे. बाया दवाखान्यात यायच्या कमी झाल्या. बाप म्हणायचा, तू खचू नको, सही मी केलीय, जबाब मी देतो."

"मग पोलिसांत का नाही आलात?"

हा प्रश्न मी सवयीनं विचारला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आले होते ना साहेब. तीन कार्डं घेऊन. तुम्हीच होता. तुम्ही म्हणालात, बाई, हा दिवाणी मामला आहे, कोर्टाचं काम आहे, पोलिसांचं नाही."

मला ती आठवत नव्हती. नंतर ठाण्याची डायरी चाळली. कसलीही नोंद नव्हती. नोंद करण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नव्हतं.

"घरी येऊन मी बापाला तेच सांगितलं," ती पुढं म्हणाली. "फौजदार साहेब म्हणले, कोर्टाचं काम हाय. पंधरा दिवसांनी हा कागद आला. मी ड्युटीवर होते. बापानं शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतला आन् मला कळूच दिलं न्हाई. त्या दिवशी म्हणला, पेन्शनीचं काम हाय, जाऊन येतो. धोतर सोताच्या हातानं धुतलं व्हतं आदल्या दिवशी."

बोलता बोलता तिची दवाखान्यातली भाषा सुटून घरची आली होती. मी जबाब तिच्या शब्दांत लिहून घेतला. माझ्याबद्दलचं वाक्यही लिहिलं. ते गाळायचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

नांदेडच्या कंपनीला विचारणा केली तेव्हा उत्तर आलं की असलं कोणतंही पत्र आम्ही पाठवलेलं नाही, कुणीतरी खोडसाळपणा केला असावा. लिफाफ्यावर टपालाचा शिक्का लातूरचा होता. कंपनी नांदेडची, कागद लातुरात टाकलेला. दुवा जुळत नव्हता.

तो दुवा चालत आला. आठवड्यानं, रविवारी सकाळी, कोर्टाचे नाझर माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, पण सगळं बोललोही नाही. ते अक्षर अठरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होतं. 'हजर' मधला 'ह' असा दुसरं कुणी काढत नाही." त्यांनी नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला कारकून, आता लातूरला राहत होता. "माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच लिहून दिली होती," एवढं बोलून ते उठले.

कारकुनाला दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आणलं. किडकिडीत माणूस, कॉलर उलटवून शिवलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं साफ नाकारलं. मी पंचांसमोर नमुना अक्षर घेतलं. समन्सचाच मजकूर सांगत गेलो आणि तो मुद्दाम तिरकं, मुलासारखं लिहीत गेला. माझा हवालदार मागं उभा राहून अस्वस्थ झाला होता. अशा वेळी काय करायचं याच्या त्याच्या कल्पना वेगळ्या होत्या. मी त्याला बाहेर पाठवलं.

मग मी कारकुनाला काही विचारलं नाही. फक्त त्या दिवशी काय घडलं ते सांगितलं. धुतलेलं धोतर, रिकामा रांजण, आणि गैरहजर लागेल म्हणून पाण्याला न गेलेला माणूस.

तो ऐकत राहिला. शेवटी पेन खाली ठेवून त्यानं विचारलं, "आत बोलावलं नाही का त्याला कुणी?"

"कशासाठी बोलावणार? बोर्डावर नाव कुठं होतं?"

"मी नांदेडच्या कंपनीच्या मालकाला म्हणालो होतो," तो हळू म्हणाला. "तारीख टाकू नका म्हणालो होतो. नुसता दम द्या. तारीख टाकली की माणूस येतो, साहेब. मी बत्तीस वर्षं बघितलंय. गरीब माणूस तारखेला येतोच."

त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. निवृत्त झाला त्या वेळी जिल्हा फुटला आणि त्याच्या पेन्शनची फाईल कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. दोन वर्षं खेटे घातले. घरात बायको दम्यानं आजारी. त्यानंही त्याच कंपनीकडून विनातारण कर्ज घेतलं होतं आणि तेही थकलं होतं. त्याच्याही दारात लाल कार्डं येऊ लागली. शेवटी मालकानं नांदेडला बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही कोर्टातले आहात, आमची पत्रं लिहून द्या, हप्ता मागणार नाही. पहिल्यांदा साधी पत्रं. मग नोटिसा. मग शिक्का आणून दिला.

"पहिलं समन्स लिहिलं त्या दिवशी जेवलो नाही," तो म्हणाला. "नंतर जेवायला लागलो."

त्याच्या जबाबावर आम्ही नांदेडला गेलो. स्थानिक ठाण्याचे लोक सोबत घेऊन बाजारातल्या त्या ऑफिसवर छापा घातला. एका दुकानावरची खोली, काचेचं टेबल, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. टेबलाच्या खणात मिठाईच्या खोक्यात पाच रबरी शिक्के सापडले, पाच वेगवेगळ्या कोर्टांचे. कपाटात पत्रांच्या कार्बन प्रती. मालक चाळिशीचा, गोड बोलणारा. पंचनामा चालू असताना त्यानं आमच्यासाठी सरबत मागवलं.

"साहेब, आम्ही कुणाला हात लावला का? नुसती आठवण करून देतो. त्या म्हाताऱ्याला मी बघितलंसुद्धा नाही."

यात खोटं काही नव्हतं. त्यानं खरोखरच पाहिलं नव्हतं. सरबत कुणी घेतलं नाही.

बनावट दस्तऐवज, खंडणी, धमकी अशी कलमं लावून मी दोषारोपपत्र पाठवलं. मालकाला आठवड्यात जामीन मिळाला. कारकुनाला जामीन द्यायला कुणी पुढं आलं नाही, म्हणून तो आत राहिला. खटल्यात कारकुनानं गुन्हा कबूल केला. शिक्षा दोघांनाही झाली. मालक अपिलात गेला आणि पुढं त्याचं काय झालं हे मला बदलीच्या गावी नीट कळलं नाही. कारकुनाची फाईल खटला चालू असतानाच सापडली. जुन्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत, गोणपाटात बांधलेल्या गठ्ठ्यात होती, असं नाझरांनी मला कळवलं. त्या आधीच त्याची बायको वारली होती.

आणि म्हाताऱ्याचा मृत्यू? त्याबद्दल कुणावरच गुन्हा लागला नाही. वैद्यकीय दाखल्यात उष्माघात होता, तोच कायम राहिला. 'संशयास्पद काही नाही' असा शेरा मारून मीच ती नोंद बंद केली. कायद्यानं तो शेरा बरोबर होता.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी एकदा त्या नर्सबाईंकडे गेलो. पगार सुरू झाला होता. बहिणीचं शिक्षण चालू होतं. मी सांगितलं, केस चालू आहे, तुम्हाला सध्या त्या कंपनीचे पैसे भरायची घाई करायची गरज नाही, वकिलाला विचारा.

ती म्हणाली, "भरतेच हाय मी साहेब. दर महिन्याला मनीऑर्डर करते."

"अहो, पण त्या लोकांनी..."

"त्यांच्यासाठी न्हाई. बापाची सही हाय त्याच्यावर."

तिनं उठून चहा ठेवला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर एका कार्यक्रमात कुणी विचारलं होतं. तिथं मी काहीतरी तपासाच्या बारकाव्यांबद्दल बोललो. खरं उत्तर वेगळं आहे. 'दिवाणी मामला' हे दोन शब्द आम्ही पोलीस फार सहज उच्चारतो, कारण त्यानं समोरचा माणूस उठून जातो. तो कुठं जातो, हे आम्ही बघत नाही. मागणी दिवाणी असेल, पण धमकी दिवाणी नसते. हा फरक मला परीक्षेत पाठ होता आणि टेबलावर आठवला नाही. पुढं जिथं जिथं ठाण्याचा अंमल माझ्याकडं आला, तिथं मी सांगून ठेवलं की कागद घेऊन आलेल्या माणसाला तो कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय आणि तो खरा आहे की खोटा हे सांगितल्याशिवाय परत पाठवायचं नाही. पाच मिनिटांचं काम. जुने हवालदार कुरकुरायचे, वेळ जातो म्हणायचे.

त्या बाईंना मी तेव्हा पाच मिनिटं दिली नव्हती. त्यांनी मला त्याबद्दल कधीच दोष दिला नाही. त्या दिवशी निघताना चहासुद्धा दिला. दोष दिला असता, तर मी थोडा तरी सुटलो असतो.