खिडक्या बंद ठेवाव्यात

४ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, भावाने शिलाई मशीनवर एक पिशवी आणून ठेवली. पिशवीत घर सुगंधी करणाऱ्या पाच बाटल्या होत्या, किंमत २,१४५ रुपये. पावती आतच होती आणि ती चुकून राहिलेली नव्हती.

"ताई, राग मानू नकोस, पण घरात वास येतो," भाऊ म्हणाला.

"कसला?"

त्याने नुसते पलंगाकडे पाहिले. पलंगावर बाबा होते. दीड वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ते तिथेच असत. त्यांनी डोळे मिटून घेतले. ऐकू येत नसल्याचे सोंग त्यांना कधीच धड जमले नाही.

भावजय दारातच उभी होती, नाकाला रुमाल लावून. "त्या रुग्णसेवेच्या संस्थेत कसं चकाचक असतं. चोवीस तास माणसं. तुमचीही सुटका होईल ताई."

"मी अडकलेय असं तुला कुणी सांगितलं?"

"हे बघ," भाऊ घाईने म्हणाला, "पुढच्या रविवारी मी येतो. वास असाच असला तर बाबांना संस्थेत हलवायचं. माझं ठरलंय. तोवर ह्या बाटल्या वापर. वर लिहिलंय तसं कर, खिडक्या बंद ठेव. नाहीतर सुगंध टिकत नाही."

ते गेल्यावर ताईने दार इतक्या जोरात लावले की कात्री खिळ्यावरून खाली पडली.

गल्लीत तिला 'सुई' म्हणत. तिच्या धंद्यामुळे म्हणत, आणि जिभेमुळेही. एकोणिसाव्या वर्षी ती मशीनवर बसली ती अजून उठली नव्हती. लोकांचे कपडे घट्ट करायचे, सैल करायचे, चेन बदलायच्या, फाटले ते रफू करायचे. लग्न का केले नाही असे कुणी विचारले की ती टेप पुढे करी आणि म्हणे, "उभा राहा, छाती मोजते. एवढं धाडस आलं कुठून ते तरी बघू." भाऊ मोठ्या घरात राहायला गेला तेव्हा मागची खोली त्याने आपल्या सामानाने भरली, कुलूप लावले आणि किल्ली घेऊन गेला. त्याचा राग ती पुढे दीड वर्ष भांड्यांवर काढत होती.

आता मात्र तिने राग घरावर काढायला घेतला. सोमवारी गादी ओढत गॅलरीत नेली आणि दोन्ही बाजूंनी ऊन दाखवले. बाबांच्या खालचे रबरी कापड पाण्यात व्हिनेगर घालून पुसले. पलंगाखाली खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवली. सोड्याला स्वतःचा वास नाही, पण तो दुसऱ्याचा ओढून घेतो, हे तिला कपाटात पडून कुबट झालेल्या कोटांवरून माहीत होते. चहाचा चोथा सुकवून तिने जुन्या मोज्यांत भरला आणि ती पुरचुंडी चपलांच्या कपाटात टाकली. लिंबाच्या साली पातेल्यात उकळत ठेवल्या. ओला टॉवेल घरात कुठे दिसला तर त्याची खैर नव्हती. बाटल्यांना तिने हात लावला नाही. खिडक्या सताड उघड्या होत्या. गुरुवारपर्यंत घरात लिंबाचा आणि उन्हात तापलेल्या कापसाचा वास होता, बाकी काही नाही.

"कुठाय वास?" ती भिंतीला विचारत होती. "दाखवा ना मला, कुठाय!"

शनिवारी तिने रविवारची तयारी करून पाहिली. भावजयीला रस्त्यावरची धूळ सोसत नसे, म्हणून दर रविवारी ती दोघे आली की खिडक्या बंद होत आणि स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू होई. तिने तसेच केले. मनाविरुद्ध एक बाटलीही फवारली, नाहीतर उद्या तेच कारण पुढे येणार. मग ती एका पँटची शिलाई उसवायला बसली. पँट अर्धी झाली तोच वास आला. घाण, जड, घशात बसणारा. वरून गुलाब.

तिचे डोके फिरले. उरलेला सगळा राग घेऊन ती पलंगाशी गेली. "बाबा, झालंय का काही? सांगत का नाही तुम्ही? मी इथे आठवडाभर मरमर मरतेय!"

"कोरडा आहे मी," बाबा हळूच म्हणाले. आजारपणानंतर त्यांचे शब्द जिभेवरून घसरत, पण हे स्पष्ट होते.

त्यांच्या ओठांना भेगा पडलेल्या तिने तेव्हा पाहिल्या. उशाशी पाण्याचा तांब्या होता. सकाळी भरलेला, अजून काठोकाठ.

"पाणी का नाही प्यायलात?"

"कमी प्यालं की तुझं काम कमी. वासही कमी. तिथे नाही जायचं मला."

तिने पेला भरला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पाणी पाजले. दुसरा पेलाही पाजला. पाजताना तिला रागच येत होता. आधी भावावरचा राग, मग भावजयीवरचा, आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त स्वतःवरचा.

परत येऊन ती बसली, पण सुई धरवेना. ती जमिनीकडे बघत राहिली. उसवलेले धागे खाली पडले होते. ते हलत होते. खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, तरी मागच्या खोलीच्या दारापाशी पडलेले धागे एकेक करून सुटत होते आणि फरशीवरून स्वयंपाकघराकडे सरपटत होते. कुलूप लावलेल्या त्या दाराच्या फटीतून वारा येत होता.

ती गुडघ्यांवर बसली, नाक फटीला लावले आणि झटक्यात मागे सरली.

"अरे हरामखोरा," ती भावाला उद्देशून म्हणाली, आणि कुलूपवाल्याला बोलावणे धाडले.

कुलूपवाला आला तो नाक मुरडतच. "आत काय मेलंय का ताई?"

"आमची लाज. तोड तू."

खोक्यांचा ढीग बाजूला केल्यावर आतले छोटे न्हाणीघर दिसले. मोरीची जाळी पांढरी पडली होती, कोरडी ठणठणीत. तिने पलंगावरच्या बाबांना ओरडून सांगितले तसे तिकडून उत्तर आले. बाबांनी बस डेपोत तीस वर्षे काढली होती. "संपाच्या वेळी डेपोतल्या मोऱ्या अशाच वास मारायच्या. जाळीखालच्या नळीत पाणी साठून असतं, ते गटाराची हवा अडवतं. ते आटलं. बादलीभर ओत. वर चमचाभर तेल सोड, म्हणजे लवकर उडणार नाही."

तिने दोन बादल्या ओतल्या, तेल सोडले. मग मुद्दाम खिडक्या बंद ठेवून स्वयंपाकघरातला पंखा चालू केला आणि पँट पूर्ण केली. वास आला नाही. खिडक्या जितक्या घट्ट बंद, तितका तो पंखा गटाराला घरात ओढत होता; वास रविवारीच का येई तेही कळले.

"म्हणजे पाणी न मिळाल्यानं वास मारत होती ती मोरी," बाबा म्हणाले. "आणि मी खुळा पाणी सोडून बसलो."

रविवारी दोघे आले. भावजयीने रुमाल नाकापर्यंत नेला, थांबली, परत पर्समध्ये ठेवला. "बघा! म्हटलं नव्हतं? आपल्या बाटल्यांचा गुण!"

"गुण?" ताईने चार बाटल्या सीलबंद तिच्या हातात ठेवल्या. "चल, गुण दाखवते."

खोलीचे दार उघडे बघून भाऊ चमकला. "कुलूप कुणी तोडलं?"

"मी. कुलूप तुझं, खोकी तुझी, खोकी रचून कोरडी पाडलेली मोरी तुझी. आणि नाव कुणावर टाकलंस? जो माणूस पलंगावरून उठून तुझ्या कानाखाली देऊ शकत नाही त्याच्यावर!"

"मला काय माहीत होतं, ताई? आता गेला ना वास? मग विषय संपला."

"तुझा संपला. त्यांनी वासाच्या भीतीनं पाणी सोडलं होतं. जा, माफी माग."

भाऊ पलंगाशी जाऊन उभा राहिला. सदऱ्याची कॉलर चाचपली. शेवटी म्हणाला, "कसे आहात बाबा?"

"सुवासिक," बाबा म्हणाले आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

माफी काही मागितली गेली नाही. पण पाणी भावानेच पाजले, निम्मे उशीवर सांडत. ताईने ती उशी त्याच्यासमोर उन्हात टाकली, आदळूनच. संस्थेचे नाव पुन्हा निघाले नाही. त्याच आठवड्यात टेम्पो येऊन खोकी घेऊन गेला. मागच्या खोलीत आता तिची मशीन आहे, खिडकी दिवसभर उघडी असते आणि दर सोमवारी मोरीत एक बादली पाणी पडते.

कुलूप तोडण्याचे ३५० रुपये भावाने द्यायचे कबूल केले होते. ते अजून आलेले नाहीत.