सुंदरीचा मातीचा पाय

मुंडेलच्या बनात महादेवापुढे नवसाच्या, मातीच्या हातापायांची, पाळण्यांची, गाईवासरांची रास पडते. त्यातली निम्मी कोग्गु कुंभाराच्या हातची. साऱ्या मुलखाचे गुडघे बरे झाले, त्याच्या बायकोचा, सुंदरीचा उजवा पाय मात्र दोन वर्षं तसाच. कारण बनाचा नियम! कुंभाराने घरच्यांसाठी आपल्या हातचं वाहायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं हवं. आणि दुसरा कुंभार उरलाय कुठे? सगळे मंगळुरात हॉटेलांत बशा विसळतायत.

शेवटी त्याने सुपारीवाल्या ऐतप्पाला पाय घडवून द्यायची गळ घातली.

"हा पाय आहे की रताळं?" कोग्गु करवादला.

"मग तूच कर की लेका!"

"मला चालत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?"

ते रताळं सुकेपर्यंत कोग्गुचे हात नुसते शिवशिवत होते.

नवस वाहायचा दिवस वर्षातून एकच, बिसूचा, नव्या वर्षाचा. बस बनाच्या कमानीपाशी थांबली. पुढे दीड कोस अनवाणी चढण. दर दहा पावलांवर सुंदरी झाडाच्या मुळीवर टेकायची, ओठ चावून पुन्हा उठायची. देवळाशी पोचल्यावर ती झऱ्यावर पाय धुवायला गेली आणि रांगेत उभ्या कोग्गुने मातीच्या पायाभोवतीचं फडकं सोडलं. घोट्याला तडा! त्याने अंगठा जवळच्या पाण्याच्या तांब्यात बुडवला, तडा बुजवला, आणि हात ओला होताच म्हणून बोटंही नीट केली. चाळीस वर्षांची खोड ती, विचारून थोडीच येते?

"अहो, हे काय केलंत!" सुंदरी मागे उभी होती.

कोग्गुने ओला हात फडक्याला पुसला.

"ऐतप्पाचा म्हणा," ती कुजबुजली. "थोडंसंच तर लागलंय बोट."

तेवढ्यात भटांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "घडवणारा हात कुणाचा?"

ऐतप्पाचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण खोटं बोलून वाहिला आणि पाय बरा नाही झाला, तर दोष कुणाला द्यायचा? स्वतःचाच संताप संताप झाला त्याला.

"माझा," तो म्हणाला.

"कोग्गु, अरे तुला नियम ठाऊक नाही? पुढच्या बिसूला आण. चला, पुढचे कोण?"

सुंदरीने त्याच्या हातातला पाय घेतला, उलटापालटा करून पाहिला.

"झकास केलात हो. हाच लावून जाते घरी."

कोग्गुने खांदा पुढे केला. तिने तो धरला नाही. झाडाझाडाला हात टेकत ती एकटीच उतरू लागली.