तिसऱ्या दिवसाचा फोन

डोळ्यात इंजेक्शन देतात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं, "दंडात देऊन नाही का भागणार?" जन्मभर शाळेत पोरांना धाक दाखवलेली मी, त्या दिवशी पहिलीतल्या मुलीसारखी खुर्ची घट्ट धरून बसले होते. साखरेमुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू, समोर कुणीतरी उभं आहे एवढंच सांगणारा. म्हणजे जे काही वाचायचं ते डाव्याच्याच जिवावर. तो गेला असता तर माझं वाचन संपलं असतं, आणि वाचन संपल्यावर माझ्याजवळ काय उरेल, हा विचारसुद्धा मला सोसत नव्हता.

हसनाबादच्या आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. आषाढी पौर्णिमेला सुरू करायचं आणि आश्विन पौर्णिमेला पूर्ण करायचं. निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. शेतातून, मजुरीवरून थकून आलेल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून समोर बसतात. मी वाचते आणि मग समजावून सांगते. खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा ताठाही होता. वेदनेबद्दल तर मी फारच छान बोलायचे. वेदना येते, राहते, जाते. तिला घाबरू नये, तिच्याकडे शांतपणे पाहावं. बाया माना डोलवायच्या आणि मला बरं वाटायचं.

पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर हे मला जमलंही. डोळा आधी सुन्न करतात, त्यामुळे टोचल्याचं दुखणं नावापुरतं. त्रास सुरू होतो तो घरी आल्यावर. वाळू गेल्यासारखी किरकिर, सारखं पाणी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा असा डाग की आरशात आपलीच आपल्याला भीती वाटावी. नजरेसमोर काळे ठिपके तरंगत राहायचे. एकदा तर ग्रंथाच्या पानावरची मुंगी समजून मी ठिपका बोटाने झटकायला गेले. नर्स म्हणाली होती की हे हळूहळू ओसरतं, आणि तसं ते ओसरलं. तिने एक कागदही दिला होता. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, उजेड सोसेना किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी दवाखान्यात यावं, असं त्यावर ठळक अक्षरात होतं. तो मी वाचला, घडी घातली आणि ग्रंथात खूण म्हणून ठेवून दिला.

तिसऱ्या इंजेक्शनला नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यात मी एकटीच गेले. मुलगा पुण्याला असतो. तो येतो म्हणत होता, तर मीच काही गरज नाही म्हणून त्याला गप्प केलं. डोळ्यात थेंब घालून, डोक्याला हिरवी टोपी चढवून आम्हाला बाकावर ओळीने बसवलं. माझ्या शेजारी साठीची एक शेतकरी बाई होती, गिरजाबाई. तिचं हे सातवं इंजेक्शन, आणि गाव आमच्या वाटेवरच. आमच्याकडे अनोळखी माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि आडनाव कळलं की पुढचं बोलणं किती गोड ठेवायचं ते ठरतं. हिने आडनाव विचारलंच नाही. सरळ म्हणाली, "बाई, तुमच्या फोनवरून मला एक मिसकॉल द्या."

"कशाला?"

"तिसऱ्या दिशी इचारीन, डोळा कसा हाय म्हणून."

मला हसू आलं. हिच्या कुठे लक्षात राहणार आहे, असं मनात म्हणत मी मिसकॉल दिला.

या वेळी दुसऱ्या दिवशी किरकिर ओसरली नाही. दुखणं उलट खोल गेलं आणि भुवईच्या मागे ठणकायला लागलं. खिडकीतला उजेड सोसेना म्हणून मी पडदा ओढला आणि डोळे मिटून बसले. मुलाचा फोन आला, त्याला छान आहे म्हणाले. त्या संध्याकाळी विहारातलं माझं वाचन पहिल्यांदा चुकलं. आणि मी काय करत होते? वेदनेकडे शांतपणे पाहत होते. श्वास आत, श्वास बाहेर. इतकी वर्षं जे सांगत आले त्याची ही परीक्षा आहे आणि आपण ती उत्तम देतो आहोत, असं मला वाटत होतं. दवाखान्यात फोन करणं म्हणजे नापास होणं. कागद हाताच्या अंतरावर ग्रंथात होता, पण त्याची मला आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"बाई, गिरजा बोलून राह्यले. दवाखान्यात शेजारी बसल्ते ती. डोळा कसा हाय?"

"दुखतो थोडा. चालायचंच."

"कालच्यापेक्षा कमी का जास्त?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. मी डोळे मिटूनच कालचं दुखणं आठवू लागले.

"डोळा उघडा आन् समोर काय दिसतं ते सांगा बरं."

समोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सकाळी उठल्यावर मी आधी ते मुख पाहते. मी डोळा उघडला. चौकट अंधुक दिसली. चौकटीच्या आत नुसतं धुकं होतं. मी पापण्यांची उघडझाप केली, पुन्हा पाहिलं. मुख नव्हतंच. मला एकदम रडू फुटलं. "मला दिसत नाही हो, गिरजाबाई."

"मंग बसून काय राह्यल्या? जल्दी निघा. मी दवाखान्यात फोन लावते अन् फाट्यावर उभी राह्यते."

चाचपडत गाठलेली एसटी तिच्या फाट्यावर थांबली तेव्हा ती खरंच उभी होती. खुरपण अर्धं टाकून आलेली, हाताला अजून ओल्या मातीचा वास. माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि जालना येईपर्यंत सोडला नाही.

डोळ्याच्या आत संसर्ग झाला होता. कितीही जपलं तरी क्वचित कुणाला असं होतं, डॉक्टर म्हणाले. त्यांनी लगेच डोळ्यात औषध सोडलं. "आज आलात हे बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं."

पट्टी बांधून बाकावर आले तेव्हा मी गिरजाबाईला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? माझा डावा डोळा असाच गेल्ता. दुखू लागला, मी सोसत बसले. कामाच्या दिसांत घरच्यांना कुठं तरास द्यायचा. आता हा एकच राह्यला. तवापासून बाकावर जे कुणी शेजारी बसंल त्याला तिसऱ्या दिशी फोन करते. तुम्ही बी बिलकुल माझ्यावानी बसल्या व्हत्या, गप."

मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते त्या दिवशी, आणि तिचा एक डोळा विझलेला आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही आणि मी तो सांगायला बसलेले नाही. एका बाईने फोन केला, एवढंच घडलं. पण रोज त्रिशरण म्हणताना मी बुद्धाला शरण जात होते, धम्माला शरण जात होते; संघापाशी आले की जीभ तेवढी पुढे जायची, मन मागेच राहायचं. संघ म्हणजे भिक्खूंचा, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही दुसऱ्यापुढे वाकणं म्हणजे काय, ते मला मातीच्या हाताच्या त्या अनोळखी बाईने शिकवलं. दुखतंय म्हणून सांगायलाही नम्रता लागते. शिकवण खरीच होती. शांतपणे पाहा, असंच ती सांगत होती. मीच डोळे मिटून बसले होते.

नजर हळूहळू परतली, सगळी नाही, पण वाचण्यापुरती. आश्विन पौर्णिमेला शेवटची पानं मी भिंग धरून, अडखळत वाचली आणि बायांना माझी चूकही सांगितली. या वेळी कुणी माना डोलवल्या नाहीत. एकीने तिथेच स्वतःच्या छातीतल्या दुखण्याचं सांगितलं.

इंजेक्शनं अजून चालूच आहेत, माझीही आणि गिरजाबाईचीही. किरकिर होते, लाल डाग उठतो, ठिपके तरंगतात. माझ्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन येतो, तिच्या तिसऱ्या दिवशी मी करते. परवा केला.

"बरं हाय," ती म्हणाली.

मी शिक्षिका आहे, एवढ्या उत्तराला मार्क देत नाही. "समोर काय दिसतं ते सांगा."

ती अंगणातलं एकेक सांगू लागली. लिंबाचं झाड, दाव्याला बांधलेली गाय, गायीच्या पाठीवर बसलेला बगळा. मी तसबिरीसमोर उभी होते आणि ते मुख मला स्वच्छ दिसत होतं.

"बगळ्याच्या चोचीत काय हाय ते बी सांगू का?" ती हसत म्हणाली.

"सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा."