बिनझूमचा कॅमेरा

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही वस्तू सरळ विकत घेतली नाही; आधी ते वस्तूशी भांडत, आणि जी हरणार नाही ती घरी आणत. परतवाडा-अकोला गाडीवर कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी राहायला आले तरी आवाज भरल्या गाडीचाच राहिला. दोन माणसं ओसरीवर बसलेली असली तरी म्हणत, "सरका, मधात जागा हाय!" अशा माणसाबरोबर अमरावतीला जाऊन कॅमेरा निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुस्तकं वाचतो तेव्हा मला यंत्रातलंही कळत असणार, असा त्यांचा एक उदार गैरसमज होता.

कॅमेरा घ्यायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. शेती पाहणारा त्यांचा धाकटा भाऊ त्या वर्षी कर्जापायी गेला. आमच्या भागात ती वर्षंच तशी होती. पेपरवाले आले, रस्त्यावरच उभे राहिले आणि कॅमेऱ्याच्या लांब नळीतून भावजयीचा रडता फोटो काढून निघून गेले. भावाचा म्हणून फोटो शोधला, तर मतदार ओळखपत्रावरचा तेवढा एक निघाला. स्टुडिओवाल्यानं रिवाजाप्रमाणे तो मोठा करून खाली कोट आणि टाय जोडून दिला. आमच्याकडे निम्म्या घरांतली गेलेली माणसं त्याच निळ्या कोटात भिंतीवर आहेत. साडूंनी फ्रेम हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हे कोन साहेब होय? माह्या भावाले बोलवा." मग फ्रेम खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "याच्यानंतर माह्या गावचा एकही मानूस कोटात जानार नाही. हासता जाईन."

अमरावतीच्या दुकानदाराला यातलं काय ठाऊक! त्यानं उत्साहानं एक चकचकीत कॅमेरा पुढे केला. "काका, याला झूम आहे. इथं उभं राहून चौकातल्या माणसाचा चेहरा काढता येतो."

"त्या मानसाले इचारलं काय?"

"कोणत्या?"

"चौकातल्या!"

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे बघितलं. "झूम नाही पायजे," साडू म्हणाले. "ज्याचा फोटो पायजे त्याच्यापाशी जाचं, जयभीम कराचा, मंग काढाचा." दुसरा कॅमेरा चार्जरचा निघाला. "आमच्या गावात लाइन कवा असते ते तुमी सांगता काय?" असं करत सगळं कपाट हरलं आणि खालच्या फळीवरून एक राखाडी, साबणाच्या वडीएवढा, पेन्सिल सेलवर चालणारा बिनझूमचा कॅमेरा निघाला. साडू त्याच्याशीही भांडायला बोट उगारून तोंड उघडतात, तोच वैतागलेल्या दुकानदारानं काउंटरवर वाकून, अगदी हातभरावरून, बटण दाबलं. पडद्यावर उगारलेलं बोट आणि त्यामागे उघडं तोंड. साडूंनी बराच वेळ ते पाहिलं. "हा! हा मी होय," म्हणाले. "द्या हाच."

त्यानंतर गावानं त्यांचा धसकाच घेतला. भिंतीवर जायची तयारी म्हणून हा माणूस फोटो काढतो, ही बातमी फुटली होती. ते पाराकडे वळले की म्हातारे काठ्या टाकून पळत. घरी भिंतीवरचं घड्याळ बंद आणि टीव्हीचा रिमोट मुका दिसला, की समजावं, सेल काढून स्वारी मोहिमेवर गेली आहे. 'हसा' असं ते कोणाला कधीच म्हणाले नाहीत. "काहून बे, सासऱ्याच्या मयतीले आला काय?" असं ओरडत, आणि समोरचा उलट शिवी देताना हसला की बटण दाबत. गाद्या भरणारे चाचा तर महिनाभर सापडत नव्हते. "भाई, अभी नहीं. बेटी की शादी बाकी है."

"चाचा, फोटो काढल्यानं कोनी मरते काय? तुमच्या बोकडाचा काल काढला, पाहा कसं उभं हाय!"

"बकरे का क्या भरोसा! ईद तो आने दो!" म्हणत चाचा आपल्याच बोलण्यावर असे हसले, की दाढीतला कापूसही हलला. तो फोटो आजही त्यांच्या दुकानात आहे, आणि त्याच्याखाली चाचाही. कॅमेऱ्यात माणूस कोंडून ठेवायचा नाही, म्हणून साडू प्रत्येक फोटो कागदावर काढून ज्याचा त्याला नेऊन देत. तोही त्या कोटवाल्या स्टुडिओतून, मुद्दाम, त्याच्या नाकावर टिच्चून.

मागच्या हिवाळ्यात साडू गेले. स्टुडिओवाला आपणहून आला, मान खाली घालून म्हणाला, "ताई, काकांसाठी चांगला कोट लावतो." ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिनं डोळे पुसले. "कोट घातला त फ्रेमीतून उतरून मारतीन तुले," म्हणाली, आणि दुकानातला तो पहिला फोटो त्याच्या हातात दिला.

आता तो भिंतीवर आहे. हार कसाही घातला तरी उगारलेलं बोट झाकलं जातं, म्हणून ताई रोज हार थोडा बाजूला सरकवते. मी गेलो की दारातून पाहत नाही. जवळ जातो, हातभरावर उभा राहतो, जयभीम करतो. मग हसायचा प्रयत्न करतो. पण शिवी खाल्ल्याशिवाय हसायची सवय राहिलेली नाही, आणि ती घालणारा तिथं नुसतंच तोंड उघडून आहे.