सरकतं छप्पर आणि दोन बोटं जास्त

मोठमोठ्या स्टेडियमांवरची सरकती छपरं आखण्यात माझी हयात गेली. आता बटण दाबलं की एवढं अवाढव्य छप्पर कपाटाच्या दारासारखं सरकतं, खाली हजारो माणसं टाळ्या वाजवतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "हे शिकलात कुठं? जर्मनीत का?" मी सांगतो, लातूरला. विचारणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करतोय. चेष्टा कसली डोंबलाची! माझं पहिलं सरकतं छप्पर लातूरलाच झालं. ते पहिलवानांनी दोरानं ओढलं होतं आणि ऐन उद्घाटनात अडकलं होतं.

आम्ही मूळचे भोकरकडचे. बाबांचा धंदा पत्र्याचा. आसपासच्या पंधरा-वीस गावांत घरावर पत्रे घालायचे म्हटलं की माणसं बाबांनाच बोलवायची. वावटळ सुटली की सगळे आपापली गुरं बघायला पळायचे, बाबा मात्र अंगणात उभे राहून गावातली छपरं बघत बसायचे. "माझं छप्पर हललं तर मिशी उतरवीन," असं त्यांचं ठरलेलं बोलणं. मिशी शेवटपर्यंत राहिली. स्वभाव म्हणाल तर माणूस लई आडमुठा. आपली चूक त्यांनी उभ्या जन्मात कबूल केली नव्हती. भाजीत मीठ त्यांनी जास्त टाकलं तरी मीठच जरा खारट निघालेलं असायचं.

अशा माणसाच्या पोटी हलणारं छप्पर करणारा मी निघालो. नांदेडला डिप्लोमा केला, आणि लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या बांधकामावर तात्पुरता मदतनीस म्हणून चिकटलो. नव्या जिल्ह्याची तेव्हा सगळीच नवलाई होती. कचेऱ्या भाड्याच्या घरात, एका टेबलावर दोन खाती, आणि कागदावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर पेनानं 'लातूर' लिहायचं. त्यात दुष्काळ. साहेब लोकसुद्धा सकाळी टँकरची चौकशी करून मगच फाइल उघडायचे.

आमच्या मोठ्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात उघडझाप होणाऱ्या छपराचं चित्र बघितलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. जिल्ह्याच्या नव्या मैदानात कुस्तीचा आखाडा होणारच होता, भोवती पायऱ्या होणार होत्या. साहेब म्हणाले, ह्याच्यावर सरकतं छप्पर पाहिजे. जुन्या जिल्ह्याकडं नाही, नांदेडकडं नाही, असं काहीतरी आपल्याकडं पाहिजे. दुपारच्या उन्हात मिटायचं आणि संध्याकाळी वीज गेली की उजेडासाठी उघडायचं. पावसाचं नाव कुणी काढलंच नाही. पाऊस होता कुठं?

साहेबांनी मला समोर उभं केलं. "हे बघा, उद्घाटनाच्या दिवशी छप्पर मिटलं तर तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी स्वतः करतो. नाही मिटलं तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही."

मी ही गोष्ट बाबांना सांगायला भोकरला गेलो. ते ओसरीवर कातरीला धार लावून राहिले होते.

"हलतं छप्पर?" बाबा म्हणाले. "अरे, हलू नये म्हणून तर छप्पर बांधतेत लेका."

"बाबा, ते मुद्दाम हलतं."

"मुद्दाम हलू दे न्हाईतर चुकून. हललं म्हंजी फसलं." मग कातर बाजूला ठेवून म्हणाले, "माझं वय झालंय. एकल्यानं पत्रा वर चढत न्हाई. कायम झालास तर ऱ्हा तिकडं, मी बोलणार न्हाई. न्हाई झालास तर गुमान घरी यायचं अन् हातोडा धरायचा. बोल, कबूल?"

मी कबूल म्हणालो. त्यांना काय व्हावंसं वाटत होतं हे ते लपवतही नव्हते. आईनं तर माझ्यादेखत माझी जुनी खाट उन्हात टाकली, ढेकूण मारायला.

छप्पर मी साधंच आखलं. लोखंडी सांगाड्याचे दोन भाग, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून येणारा. चाकं भंगारातल्या ट्रॉल्यांची, ती रुळांवर चालणार. ओढायला दोर, आणि दोराला तालमीतले पहिलवान. मोटार बसवायला पैसा नव्हता आणि मोटार असती तरी वीज नव्हती. दोन्ही भाग आखाड्याच्या मधोमध येऊन भेटायचे. अडचण एकच. मधोमधच दोन्ही अंगांना पाहुण्यांच्या सज्जाचे खांब होते आणि छप्पर त्या खांबांच्या मधून जायचं होतं. मी दोन्हीकडं चार-चार बोटं जागा सोडली. चार बोटं म्हणजे भरपूर, असा माझा हिशोब.

पत्र्याशिवायचा नुसता सांगाडा ओढून बघितला तेव्हा तो असा गेला, असा गेला, की साहेबांनी मला चहा पाजला. त्या दिवसांत साहेबानं दुसऱ्याला पाण्याची वस्तू पाजणं ही लहान गोष्ट नव्हती.

पत्रा मात्र यायला तयार नाही. आमच्या नावानं मंजूर झालेला पत्रा थेट गुरांच्या छावणीवर गेला. गेला ते बरोबरच गेला. जनावरं उन्हानं बसली ती उठत नव्हती. आम्हाला पत्रा मिळाला तो उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना. कापून, ठोकून, आदल्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. दोन्ही भाग आपापल्या टोकाला, झळझळीत, दृष्ट लागावी असे उभे. आता परत ओढून बघायला सवड नव्हती. पहिलवान दुसऱ्या दिवसाच्या कुस्त्यांसाठी लवकर झोपायला गेले होते. मी म्हणालो, सांगाडा गेला म्हणजे छप्पर गेलंच की. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य हेच.

उद्घाटनाला सगळा जिल्हा लोटला. रेणापूरकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली. बाबा पहाटेच्या गाडीनं निघून नांदेडमार्गे दुपारी पोचले. मी त्यांना पास देऊन चांगली पुढची जागा दिली होती, पण ते पायऱ्यांवर सगळ्यात वर जाऊन बसले. तिथून पत्र्याचे खिळे दिसतात म्हणून.

पाहुण्यांनी नारळ फोडला. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी शिट्टी फुंकली. दोन्हीकडचे पहिलवान "बजरंगबली की जय" म्हणून दोराला भिडले आणि छप्पर निघालं. काय सांगू! खडखडखडखड करत दोन्ही भाग असे जवळ येऊ लागले की पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. सावली आखाड्यावर चढत आली. बाया "अगं बया" म्हणू लागल्या. माझी छाती फुगली.

आणि मग खाड! दोन्ही भाग सज्जाच्या खांबांपाशी येऊन थांबले. मधे पुरुषभर फट राहिली.

पहिलवानांना वाटलं जोर कमी पडला. त्यांनी आणखी जोर लावला. खांब कण्हल्यासारखा आवाज आला तसा मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सोडा! सोडा!" सगळं थांबलं. त्या फटीतून उन्हाचा एकच पट्टा खाली आला आणि तो बरोबर मुख्य पाहुण्यांच्या फेट्यावर. पाहुण्यांनी खुर्ची सरकवली. थोड्या वेळानं पट्टाही सरकला. पाहुण्यांनी परत खुर्ची सरकवली. तिसऱ्यांदा ते शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवरच बसायचे बाकी होते. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "छप्पर ऱ्हाऊ द्या, खुर्च्याला चाकं लावा!" आणि सगळा जिल्हा हसला. नवा जिल्हा एकदिलानं हसलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो माझ्यावर.

साहेब लालबुंद होऊन खाली आले. "कुणी केलं हे? मापं कुणाची?"

मापं कुणाची, हे तिथंच आखाड्याच्या मातीत उभ्या-उभ्या निघालं. आरेखक म्हणाला, "साहेब, ह्यांनी दिलेल्या मापात मी फक्त दोन बोटं जास्त धरली. दुष्काळाचे दिवस, पत्रा कमी पडला तर दुसरा कोण देणार?" स्टोअरकीपर म्हणाला, "मी बी फक्त दोनच बोटं वाढवून यादी लिहिली." पत्रा कापणारे मिस्त्री म्हणाले, "कम पड्या तो इज्जत जाती ना साब. मैं बस दो उंगल जादा काट्या." गवंडी मागं लपला होता, त्यालाही पुढं ओढला. त्यानं खांबाला गिलावा दोन बोटं जाड दिला होता. कुणी चोरी केली नव्हती, कुणी आळस केला नव्हता. तीन वर्षं ज्यांना सगळंच कमी पडत होतं, त्या माणसांनी टँकरपाशी सवयीनं एक घागर जास्त मांडावी तशी दोन-दोन बोटं जास्त धरली होती.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

मी खोटं बोलणार होतो. अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडातून निघालं, "साहेब, मीपण दोन." कारण मी नकाशावर पत्र्याचं माप लिहिताना सवयीनं वाढवूनच लिहिलं होतं. आईनं उन्हात टाकलेली खाट डोळ्यांपुढं आली.

साहेब म्हणाले, "मग उद्यापासून—"

"थांबा वो साहेब." पायऱ्यांवरून धोतर सावरत बाबा उतरत होते. माणसं वाट देत होती. "त्याची दोन बोटं त्याची न्हाईत. माझी हायेत."

"तुम्ही कोण?"

"ह्याचा बाप. पत्रेवाला. त्याला एवढुसा असल्यापासनं मीच शिकवलंय, पत्रा दोन बोटं जास्त धरायचा म्हणून. घरावर चालतंय ते. हितं चालत न्हाई, हे मला ठाऊक नव्हतं. चुकी माझी हाय."

मी बघतच राहिलो. खरं सांगतो, छप्पर अडकलं तेव्हा मी एवढा हबकलो नव्हतो. हा माणूस दोन शब्द गिळून गप्प बसला असता तर संध्याकाळच्या गाडीनं मला घरी घेऊन गेला असता. त्यासाठी त्यांना काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. आणि तो जन्माचा हेकट माणूस सगळ्या जिल्ह्यासमोर चुकी कबूल करून राहिला होता.

साहेबांना काही सुचायच्या आत बाबांनी पिशवीतून कातर काढली. ती कातर घेतल्याशिवाय ते लग्नालासुद्धा जात नसत. दोन पहिलवानांना म्हणाले, "काय रं, नुसती मातीच लावता का अंगाला? उचला मला." त्यांनी बाबांना खांद्यावर घेतलं आणि सज्जावर चढवलं. तिथून बाबा पत्र्याच्या कडेला भिडले. करकर, करकर. खालून सगळी माणसं मान वर करून बघत होती. मिस्त्रीही न राहवून दुसऱ्या बाजूनं चढले, आणि दोघं एकमेकांना काहीतरी शिव्या देत, हसत कापू लागले. कापलेल्या पट्ट्या खाली मातीत पडत होत्या. मुख्य पाहुणे तोवर भाषण करून मोकळे झाले. कुणी ऐकलं नाही.

बाबा वरूनच ओरडले, "हां, फुंक!"

मी शिट्टी फुंकली. पहिलवानांनी दोर ओढला. छप्पर खांबांमधून सरकत गेलं आणि दोन्ही भाग मधोमध टेकले. सगळीकडं सावली झाली. टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते सांगता येत नाही, पण साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "उद्या दहा वाजता या. अर्ज घेऊन या." शिफारस त्यांनी खरंच केली. तेवढं त्यांचं मोठेपण.

कुस्त्या संपल्यावर मी बाबांना स्टँडवर सोडायला गेलो. त्यांच्या काखेत एक घडी घातलेलं पोतं होतं, वर सुतळीचा गुंडा. दुपारपासून मी ते बघितलंच नव्हतं.

"हे काय बाबा?"

"पोतं."

"ते दिसतंय. कशाला आणलंत?"

"तुझं सामान न्यायला." ते नांदेडच्या फलाटाकडं बघत म्हणाले. "वळकटी, भांडी, काय असंल ते. मला वाटलं होतं, न्हाईच मिटणार." मग पोतं काखेत घट्ट धरत, "आता खाली पोतं घेऊन घरात कसं शिरू? तुझी आई दारातच उभी असंल."

मी तसाच आखाड्याकडं पळालो. कुस्त्यांआधी कडेला सारलेल्या पत्र्याच्या सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि आणून पोत्यात भरल्या. माल सरकारी होता; कायम होण्याआधीच मी पहिली अफरातफर केली. बाबांनी एक पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली. "पत्रा चांगला हाय," म्हणाले. "कोंबड्याच्या खुराड्याला होईल."

गाडी लागली. ते खिडकीशी बसले, पोतं मांडीवर घेतलं आणि गाडी सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी भर स्टँडवर रडत उभा होतो, त्यामुळं बरंच झालं.